पेटीची ठेंगणी बाजू

१४ नोव्हेंबर, दुपार, दवाखान्यातून

प्रिय खारूताई,

इतके दिवस तुला उत्तर दिलं नाही, माफ कर. माझ्या वाढदिवसाला तू 'माय फेव्हरिट बिच' असं लाडाने लिहिलंस आणि मी गप्पच झाले. फोनवर आपण जेवलीस का, झोपलीस का, एवढंच बोललो. घरात माझा फोन स्पीकरवर असतो. तुला वाटलं असेल, आई जुन्या वळणाची, रागावली. रागावले नव्हते गं.

इथे जनावरांच्या दवाखान्यात तो शब्द दिवसभर कानावर पडतो. नर आला की केसपेपरवर 'डॉग' लिहायचं, मादी आली की 'बिच'. मीच लिहिते, हात अडखळत नाही. मध्यंतरी एक बाई चिडल्या, आमच्या बेबीला असलं काही म्हणू नका म्हणाल्या. डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, बेबीला सात पोरं झालीयत बाई, आता तिलाच विचारू काय म्हणायचं ते.

तुझ्या मेसेजनंतर मी शब्दकोश काढून बसले. हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ कुत्री, बस्स. मग कधीतरी तो बाईवर फेकला गेला: आधी चवचाल म्हणून, पुढे खाष्ट म्हणून. कुरकुर करण्यालाही तोच शब्द, दुसऱ्याच्या तालावर नाचणाऱ्या पुरुषालाही तोच. शेवटी बायकांनीच तो उचलला, आणि तुम्ही मैत्रिणी आता एकमेकींना प्रेमाने हाक मारता. पुरुषाला 'लकी डॉग' म्हटलं की तो मात्र पहिल्यापासून खूश.

तुझ्या पिढीपर्यंत तो शब्द एवढा चालत आला. आपल्या स्वयंपाकघरात अजून मध्येच थांबलाय. तुझे बाबा तो हळू आवाजात, हसऱ्या चेहऱ्याने वापरतात. मराठीत शिवी देणं त्यांच्या संस्कारात बसत नाही. आजी विचारतात, काय म्हणाला गं? मी म्हणते, काही नाही, ऑफिसचं काहीतरी. मी वाढवून तर सांगत नाही ना, हे स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलंय. त्यांनी हात कधी उगारला नाही. दवाखान्यात सोडतात, न्यायला येतात. लोक म्हणतात, नशीब काढलंस. आजींना घेऊन बाहेर जाताना मात्र दाराला किल्ली फिरवून जातात, आणि आपलं कुलूप आतूनही किल्लीनेच उघडतं. मी एकदा किल्ली मागितली, तर म्हणाले, तुला कुठे जायचंय? तेव्हा मला खरंच कुठे जायचं नव्हतं.

काल एक गृहस्थ व्यालेली कुत्री पेटीसकट घेऊन आले. तिने एका पिल्लाला चावलं होतं. पिल्लांच्या पेटीची एक बाजू ठेंगणी ठेवतात. पिल्लांना ती ओलांडता येत नाही, आईला येते. यांनी चारही बाजू उंच केल्या होत्या, पळून जाईल म्हणून. आणि वर तिलाच शिव्या घालत होते, तोच शब्द, अगदी आपल्या घरातल्या अर्थाने. डॉक्टरांनी करवत मागवली आणि एक बाजू कापून काढली. ती बाहेर आली, अंग ताणलं, पाणी प्यायली, दाराशी जरा पडून राहिली. गृहस्थ पकडायला धावले तर डॉक्टर म्हणाले, बसा हो, बाहेर पडायला जागा असली की येते परत. आणि खरंच, थोड्या वेळाने ती आपणहून आत गेली. 

म्हणून हे पत्र, आणि कागदावर. दाराची एक किल्ली तुझ्याकडे आहे, हॉस्टेलला जाताना तुझ्या पिशवीत राहिलेली. ती मला पाठव. घरी नको, दवाखान्याच्या पत्त्यावर. फोनवर त्याबद्दल काही बोलू नकोस. मी परत येईन की नाही, ते आज मला माहीत नाही. आणि तुझ्या मेसेजचं उत्तर राहिलंय: तुझ्या तोंडून तो शब्द मला चालेल.

तुझीच,
आई

(माझ्या टिपणवहीत) उद्या: डॉक्टरांना सांगून ठेवायचं, माझ्या नावाचं पाकीट येईल, ते माझ्याच हातात द्या.