तिसरी तार

दौंड,
ता. १८ फेब्रुवारी १९७६

ती. स्व. सुभानमामांस,
बन्सीचा जयभीम आणि सलाम. मामींच्या गुडघ्याला आता उतार असेल. इकडे सर्व ठीक आहे.

सवयीनं लिहून गेलो. ठीक नाही, मामा.

आमच्या वस्तीतली सोजरबाई गेली. हरिबाची बायको. तुम्ही माझं दुकान बघायला आला होतात, तेव्हा न सांगता भाकरी-कालवण घेऊन आली होती ती. एका डॉक्टरांच्या बंगल्यात कामाला होती. मागच्या मंगळवारी सकाळी गालिचा साफ करायच्या मशीनचा शॉक बसला. डॉक्टर घरातच होते, पण काही करता आलं नाही. अजून खरं वाटत नाही. रस्त्यात कुणी बाई हसली तरी मी वळून बघतो.

ते मशीन तुमच्याकडे कधी आलं नसेल. व्हॅक्यूम क्लीनर म्हणतात. आडवं पत्र्याचं पिंप, पोटात मोटर आणि पंखा, पुढं लांब नळी. धूळ ओढून कापडी पिशवीत भरतं. बाईसाहेबांच्या भावानं विलायतेहून आणलेलं. गेल्या महिन्यात ते ओढेना, म्हणून मला बोलावलं. नळीत केसांचा बोळा अडकला होता, तो काढला. पिशवी झटकली. मोटरचे कार्बन झिजले होते, ते दुसरे घासून बसवले. चालू केलं तर टेबलावरचा कागद उडून नळीला चिकटला. सोजरबाई टाळ्या वाजवून हसली.

लोक म्हणतात, फरशी पुसता पुसता तिनं ओल्या हातानं मशीन धरलं. पोलिसांनी मला विचारलं, "मशीनमध्ये काय दोष होता का?"

मी म्हणालो, "न्हाई साहेब. हात वले असतील तिचे."

पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं.

मामा, तुम्हाला एक विचारायचं होतं. वायरीतली अर्थिंगची तार काढली तर... पण विचारायचं काय त्यात? पहिल्या आठवड्यातच तुम्ही शिकवलं होतं.

त्याच दिवशी बाईसाहेबांना ते हॉलमध्येही चालवायचं होतं, पण तिथल्या बोर्डाला दोनच भोकं. मशीनला पिना तीन. बाईसाहेबांना घाई, घरी पाहुणे यायचे होते. मी तिसरी तार कापली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली, दोन पिनांचा प्लग लावला आणि चहा पिऊन आलो.

परवा बाईसाहेबांनी मशीन माझ्याकडे पाठवलं, मोडीत काढ म्हणून. मी उघडलं. वायर आत शिरते तिथलं रबर फाटलंय, उघडी तार पत्र्याला टेकलीय. अर्थिंग असतं तर फ्यूज उडाला असता, मशीन बंद पडलं असतं. बास, एवढंच झालं असतं. मी तिथंच जमिनीवर बसलो.

मोडीत काढलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. हे मनात येऊन गेलं, तेही लिहितो.

काल सकाळी हरिबाकडं गेलो. पोरगी जाई भांडी घाशीत होती. दोघांसमोर सगळं सांगितलं. वाटलं, आता मारेल. पण त्यानं विचारलं,

"म्हंजी तिच्या वल्या हातांनी न्हाई झालं?"

"न्हाई हरिबा. माझ्यामुळं झालं."

तो पोरीकडं वळला. "ऐकलंस का जाई? आठ दीस मी तुझ्या आईला येंधळी म्हणून शिव्या घालतुया." आणि टॉवेलात तोंड घालून रडायला लागला. पोरगी तशीच उभी, हाताला राख.

जरा वेळानं मला म्हणाला, "तू ऊठ. मला सांगितलंस ते पोलिसांस्नी सांग. तिच्या नावावर ऱ्हाऊ दिऊ नगंस."

मशीन सायकलला बांधलंय. हे पत्र पेटीत टाकून तसाच चौकीवर जातोय. खोटा जबाब दिला म्हणून आत घालतील, असं माझी बायको ताईबाई म्हणते. घालू देत. रडून तिचे डोळे सुजलेत, तरी तिनंच दार उघडून दिलं.

कुणाकडं काम शिकलास असं तिथं विचारलं, तर तुमचं नाव कोणत्या तोंडानं घेऊ, हे काही सुचत नाही. दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच कळवलं. रागवा, पण पत्र फाडू नका.

खाली 'तुमचा शिष्य' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसताच,
बन्सी