अनशीचं बोट

शनि. ७ फेब्रु.
आज माझ्या नावाची पाटी लागली. नात सायली महाडवरून आली, संगणकाची कामं करते ती. वर्षभर माझ्या गोष्टी वेबसाइटवर चढवते, पण पत्ता हा लांबलचक, दुसऱ्याच्या शेपटीला बांधलेला. आता माझ्याच नावाचा घेतला. म्हणाली, "आजी, भाड्याची खोली सोडली बघ." नवा पत्ता सगळीकडं पोचायला एखादा दिवस जातो म्हणे. म्हटलं, एसटीत दिलेल्या पिशवीगत. सारखं उघडून बघते. चहा गार झाला.

रवि. ८
आलं एकदाचं. नावापुढं कुलूप पण आलं, ते चांगलं असतं. शेजारी धाकट्या जावेला, अनशीला, दाखवलं. तिला वाचता येत नाय. फोटो बघून म्हणाली, "बाय, नाक मात्र बरं आलंय." मेली. तिच्याकडं गेलेली माझी वाटी कुळथाच्या पिठीनं भरून दिली. आमच्यात वाटी रिकामी परत जात नाय, लग्न होऊन आलो तेव्हापास्नं.
आणि सायलीनं आता आपोआपचं करून दिलंय. आधी ती शनिवारी यायची, माझं ऐकायची, नको ते गाळायची, मग चढवायची. आता मी फोनात बोलायचं नि पाठवायचं. त्याचं लिखाण होतं नि जाऊन बसतं. हिरवी खूण आली की गेलं. गिरणीत टाकलं की पीठ.

बुध. ११
बोलले आज. सुरू केलं नाचणीच्या भाकरीवरनं. मग नाचणी जाते कुठं, ते निघालं. अनशीचा सुरेश मुंबईत, काम सुटलंय त्याचं. वाडीला वाटतं तो आईला पोसतो. खरं तर हीच पोलादपुरातनं एसटीत तांदूळ-नाचणी घालते तेव्हा तिकडं चूल पेटते. मला एकटीला ठाऊक. शेवटी म्हटलं, "सायले, हे अनशीचं टाकू नको गो." नेहमी म्हणते तसंच. हिरवी खूण आली. जीव हलका वाटला.

गुरु. १२
नळावर गेले तर बायका गप्प. वाडीची मुंबईतली पोरं सगळी वाचतात माझं. तिकडनं फोन इकडं. सगळं गेलंय. "हे अनशीचं टाकू नको गो" ते पण, जसंच्या तसं, खाली.
सायलीला फोन लावला. रडकुंडीला आली. "आजी, आता मधे मी नाय. सांगितलं होतं ना तुला." सांगितलं होतं. मला वाटलं, चढवायचं काम सुटलं तिचं, ऐकायचं कशाला सुटेल.
काढून टाकलं तिनं. काढलं तरी खूण हिरवीच येते. पण लोकांनी फोटो काढून ठेवलेले.

शनि. १४
गेले अनशीकडं, वाटीत चटणी घेऊन. तांदूळ निवडत होती, मान वर केली नाय. म्हणाली, "सगळ्यांना सांगायचंच होतं तर आधी मला सांगायचं बाय. अंधारात गोण वाहायची ती दिवसा वाहिली असती." मग सूप बाजूला सारून, "सुऱ्या शिमग्याला येत नाय म्हणतो. तोंड दाखवायचं नाय त्याला."
म्हणजे पालखीला तिच्या नवऱ्याच्या जागी खांदा द्यायला या वर्षी कोणी नाय. दीर गेल्यापास्नं सुरेश एकदा चुकला नाय. वाटी तिथंच ठेवली. आले तशीच.
सांजचं पायरीवर वाटी. घासलेली, लख्ख. रिकामी.

मंगळ. १७
जेवण जात नाय. शेवग्याला शेंगा लागल्यात, काढल्या नाय. एरवी पहिली जुडी तिची.
सायली सुट्टी टाकून आली. मधे एक थांबा घातला. कोणीतरी हो म्हणून बोट लावल्याशिवाय पुढं जाणार नाय. बोट माझं ठेवते म्हणाली. म्हटलं, माझं नको, तेच तर घसरतं. ज्याची गोष्ट त्याचं बोट. तिनं जरा विचार केला, म्हणाली होईल तसं. होईल. आधी सुचलं असतं तर

रवि. १ मार्च
होळीचं लाकूड आलं. पोरं ओरडतायत.
काल नवी गोष्ट बोलले. सुरेश लहान होता, पालखीमागं नाचून नाचून दमला नि देवळातच झोपला. वाडी शोधतेय नि हा ढोलाला मिठी मारून. तेवढीच. नाचणी नाय, मुंबई नाय.
आज फोन नि वाटीत वालाचं बिरडं घेऊन अनशीच्या दारात. बस पण म्हणाली नाय. उभ्या उभ्या ऐकवली. ढोलापाशी आलं तसं तिनं पदर तोंडाला लावला. हसली का काय, दिसलं नाय. परत लाव म्हणाली. परत लावली. मी बोट कुठं लावायचं ते दाखवलं.
"त्याला येऊ दे आधी," म्हणाली, "मग बघू."
पण वाटी आत नेली.
सायली म्हणते गोष्ट पिवळी दिसते, म्हणजे अडकून हाय. असू दे म्हटलं. मुंबईहून एसटी उद्या सकाळी येते. वाटी अजून तिच्याकडंच.