डोहाची आण

हुता तोरास,
बुधवार

प्रिय लोकोत,

फोन न करता पत्र आलं म्हणून दचकू नकोस. बाबा आहेत. ओसरीवर बसलेत, मघाशी अर्धा कप कॉफीही घेतली. पण काल जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नाही. इथे रेंज मिळते ती रबराच्या बागेवरच्या त्या एका खडकावर, आणि तिथे मागे थांबलेली चार माणसं आपलं बोलणं आपल्याआधी घरी पोचवतात. म्हणून हे पत्र मिनीबसवाल्या मारिहोतच्या हाती देतेय. त्याला वाचायचा कंटाळा आहे, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

काल तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर बाबांनी मशिदीत सगळ्या गावासमोर उभं राहून सांगितलं, की डोहातला मासा मी चोरून खाल्ला. आपल्या बाबांनी, लोकोत. वाक्य लिहून झालं तरी मला ते खरं वाटत नाही. कालपासून मी कॉफीत दोनदा मीठ घातलंय, शेळी उन्हात बांधून विसरलेय, आणि आज सकाळी रबराचं एकच झाड दोनदा खाचलं. चीक ओघळत राहिला आणि मी नुसती बघत बसले.

झालं ते असं. बाबांचं पोट ईदपासून फुगत चाललंय, हे तुला माहीतच आहे. तूच त्यांना सिदेम्पुआनला तुझ्या दवाखान्यात नेऊन रक्त तपासलंस. पण गावाला तुझी तपासणी काय माहीत? गावाला एवढंच माहीत की डोह बंद करताना सगळे मिळून कुराणातलं यासीन वाचतात आणि आण घालतात: उघडायच्या दिवसाआधी जो मासा काढील त्याचं पोट फुगेल. आणि आता पोट फुगलं ते डोहाच्या राखणदाराचंच. आधी बायका पाणवठ्यावर कुजबुजल्या. मग पोरं बाबांच्या मागून पोट पुढे काढून चालायला लागली. मी एकाचा कान पिरगाळला तर त्याची आई भांडायला आली.

तेही मी गिळलं असतं. खरी वाईट गोष्ट वेगळीच होती. पारदोमुआन आठवतो ना, कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसून साऱ्या जगाला शहाणपण शिकवणारा? त्याने बाबांची बाजू घेतली. तो म्हणायला लागला, काकांसारखा माणूस चोरी करणं शक्यच नाही. मग पोट फुगलं कसं? म्हणजे आणच खोटी. आणि आण खोटी असेल तर डोहाचा काठ अडवून ठेवायचा कशाला? नदीच्या मातीतून सोनं धुणाऱ्या लोकांचं यंत्र दोन महिन्यांपासून खालच्या वळणावर येऊन उभं आहे. त्यांना डोहाच्या वरचा उतार हवाय, तीच शंभर पावलं जिथे बाबांनी एकतीस वर्षांत कुणाला काडी तोडू दिली नाही. आण तशी फक्त माशांची, पण बाबांनी हळूहळू झाडंही तिच्या पदराखाली घेतली. मुळं सुटली की माती सुटते, माती सुटली की डोह भरतो, मग मासा राहील कुठे, असं ते प्रत्येकाला ऐकवायचे. पडलेलं झाडही उचलू द्यायचे नाहीत. लोक वैतागायचे, पण पोटाला भ्यायचे.

कालची बैठक त्या उताराचीच होती. आम्ही बायका पडद्यामागे होतो. पारदोमुआनने असं काही भाषण केलं, की क्षणभर माझेच डोळे भरून आले. या माणसाने जन्मात दुसऱ्याच्या झाडाचं केळं तोडलं नाही, म्हणे. सांगा, अशा माणसाला शिक्षा करणारी आण खरी कशी? माणसं माना हलवायला लागली. मुखियासुद्धा दाढी खाजवायला लागला. मला कळलं, आता उतार गेला.

तेव्हा बाबा भिंतीला धरून उठले. म्हणाले, "पारदोमुआन, एवढं कौतुक नको रे बाबा. मासा मी खाल्लाय."

आणि पुढे सांगत गेले. एक जुरुंग मासा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब. शेपटीला खाच होती. पुराच्या वर्षी, शुक्रवारी, सगळे नमाजाला गेले असताना. कुणीतरी मागून विचारलं, एकोणीस वर्षांनी पोट फुगतं होय? बाबा म्हणाले, "आण म्हणजे सरकारी कचेरी आहे. उशीर होतो, पण कागद हरवत नाही."

एकही माणूस हसला नाही. मी पडद्यामागे खांब धरून उभी होते. शेजारच्या बाईने विचारलं, तुला घेरी येतेय का? मी मानेनेच हो म्हटलं.

उताराचा विषय तिथेच संपला. आधी जी माणसं माना हलवत होती ती पायाच्या अंगठ्यांकडे बघत बसली. मग मुखियाने रिवाजाप्रमाणे सांगितलं: राखण काढून घेतली, गावाची माफी मागायची, आणि येत्या शुक्रवारी जुरुंगची हजार बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, चोराने आपल्या हाताने डोहात सोडायची. बाबांनी कमरेचा कोयता काढून मुखियाच्या पायाशी ठेवला. एकतीस वर्षं तो कोयता त्यांच्या कमरेला होता. परत येताना बाबांची चुलतबहीण, तीच आपली तिओर्लान आत्या, रस्ता अडवून उभी. "माझ्या नातवाने डोहात नुसता खडा टाकला तर कान उपटायचास ना रे? आता स्वतःचा उपट." बाबांनी खरोखरच स्वतःचा कान धरला आणि पुढे निघाले. मला रडावं की हसावं कळेना. मी दोन्ही केलं.

घरी आल्यावर मात्र माझा तोल गेला. तुझा तपासणीचा कागद तांदळाच्या डब्यात होता तो काढला आणि त्यांच्यासमोर आपटला. जुनी कावीळ, लिव्हर खराब झालंय, पोटात पाणी झालंय, औषधाने ते उतरतं. सगळं तू स्वच्छ लिहून दिलंयस. हा कागद असताना मशिदीत उभं राहून खोटं बोललात, असं मी ओरडले. लोकोत, मी बाबांवर जन्मात कधी ओरडले नव्हते.

ते म्हणाले, कागद चुलीत घाल. मग बराच वेळ श्वास घेत बसले. हल्ली दोन वाक्यांच्या मध्ये त्यांना थांबावं लागतं. म्हणाले, "त्या कागदाने माझं नाव धुऊन निघेल. आणि डोह? माणूस नुसता आजारी पडला म्हटलं की उद्यापासून आणीला कोण भितो? माणूस चोर होता म्हटलं की सगळे भितात. मी तसाही चाललोच आहे, पोरी. जाताना उपयोगी पडतो."

खालच्या गावाचं काय झालं ते तू पाहिलं नाहीस. तू गेल्यावर घडलं ते. त्यांचाही डोह होता, आपल्यापेक्षा मोठा. कुणीतरी मासा काढला, त्याला काही झालं नाही, तो दुकानात बसून हसला. दुसऱ्या वर्षी दहा जणांनी काढले. तिसऱ्या वर्षी काठावरची झाडं गेली, चौथ्या वर्षी यंत्र आलं. आता तिथली नदी दूध घातलेल्या चहासारखी आहे. भातखाचरांत कमरेएवढी वाळू, विहिरीत हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. बाबा ते बघून आले त्या दिवशी जेवले नव्हते.

आता ते सांगते जे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

तू नऊ वर्षांचा होतास. आईला जाऊन दोन महिने झाले होते. पुराने रस्ता वाहून गेला होता, आणि तुला अठरा दिवस ताप. तू काही खात नव्हतास. फक्त एकच म्हणायचास, होलात दे. आई करायची तसा, भाजलेल्या माशाचा रस्सा, आवळ्याच्या झाडाच्या सालीचा कीस घातलेला. बाजार नाही, मासा नाही. मी सोळा वर्षांची. शुक्रवारी सगळे पुरुष मशिदीत गेले आणि मी डोहावर गेले. जाळं लागलंच नाही. बाबांच्या हातून भात खाऊन ते मासे इतके माणसाळले होते की मी ओंजळ पाण्यात धरली आणि एक आपण होऊन आला. शेपटीला खाच असलेला. तू वाटीभर होलात प्यायलास, अर्धा मासा खाल्लास आणि घाम येऊन झोपलास. उरलेला अर्धा मी खाल्ला. खोटं कशाला बोलू, आवडीने खाल्ला. बाबांना सांगितलं, फेरीवाला आला होता. त्यांनी पातेल्यात एकदा पाहिलं आणि मीठभात वाढून घेतला.

त्यानंतर कित्येक वर्षं मी रोज सकाळी पोट चाचपत होते. माझ्या सहराच्या वेळेस दिवस गेले तेव्हा लोक आनंद करत होते आणि मी नऊ महिने धास्तावले होते, की हे मूल आहे की तो मासा. मूल निघालं. मला काहीच बाधलं नाही. म्हणजे राखणदाराच्याच मुलीला माहीत होतं की आण पोकळ आहे, आणि ती एकोणीस वर्षं मूग गिळून बसली.

आणि काल बाबांनी त्या शेपटीची खाच सांगितली.

मी त्यांना विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाले, "शेपटी आणि खवले तू अंगणात पुरलेस. दुसऱ्या दिवशी कोंबडीने उकरले. मी पुन्हा पुरले, जरा खोल." एवढंच. मग म्हणाले, "पोरगं वाचलं ना." मी त्यांच्या पायाशी बसले ती उठलेच नाही. एकोणीस वर्षं या माणसाने लोकांच्या पोरांचे कान उपटले आणि मला एक शब्दही बोलला नाही.

पहाटे मी ठरवलं होतं की मुखियाकडे जाऊन खरं सांगायचं. ओढणी घेऊन दारापर्यंत गेले. मग लक्षात आलं, माझं पोट फळीसारखं सपाट आहे. चोर मी म्हटलं तर लोक माझ्या पोटाकडे बघतील आणि पारदोमुआन टाळी वाजवील. तुझा कागदही आणीला मारतो आणि माझं खरं बोलणंही. ओढणी पुन्हा खुंटीला अडकवली. इतकं खरं हाताशी असून एकही बोलता येऊ नये, अशी पाळी माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालास, शुक्रवारी येतो आणि जुम्म्याच्या नमाजानंतर सगळ्यांसमोर कागद वाचून दाखवतो, एकदाच लोकांची तोंडं बंद होतील. हे पत्र त्यासाठी आहे. शुक्रवारी ये, पण तुझ्याकडची त्या कागदाची प्रत आणू नकोस. कुणी विचारलंच तर तपासणीत काही सापडलं नाही म्हण. तुझ्या नोकरीला ते शोभत नाही, मला कळतं. औषधं मात्र जास्तीची आण. गोळ्या कुटून कॉफीत घातल्या आणि कुणी पाहिलं नाही तर घेईन, असं बाबांनी कबूल केलंय. पोट उतरलंच तर लोक म्हणतील, माफी मागितली म्हणून उतरलं. तेही त्यांनी आधीच ठरवून ठेवलंय. बोटुकली मशिदीमागच्या तळ्यातून मोठ्या टोपात भरून आणायची आहेत. रिवाज असा की ती चोराच्याच हातून पाण्यात जायला हवीत, नाहीतर माफी लागत नाही. बाबांचे हात आता फार थरथरतात, म्हणून मुखियाने घरच्यांना टोप धरायची परवानगी दिलीय. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. टोपाला दोन कड्या आहेत. एक मी धरणार आहे. अर्धा मासा तू खाल्ला होतास, लोकोत, दुसरी तू धर.

तुझीच ताई,
देरहाना