दोनदा नको

बांडुंग, ४ फेब्रुवारी २००९

ती. सुमार्सिह मावशीस पाम्बुदीचा सा. न. वि. वि.

संगणक पोचला असेल. तो चालवणारी प्रणाली आम्ही चौघांनी तीन वर्षं खपून लिहिली आहे. नाव ठेवलंय ‘मोंगो’. पाहुण्याला आपण म्हणतो तसं, घ्या ना, लाजू नका. वापरायला ती सोपी आहे असं आम्ही छातीठोकपणे सांगतो, पण बनवणाऱ्यानं सांगून कोण ऐकतंय? ग्रंथालय खातं ती तीनशे वाचनालयांत बसवायचं म्हणतंय. आधी एका साध्या वाचनालयात चालवून दाखवा म्हणाले, तेव्हा मी तुझ्या गल्लीतल्या वाचनालयाचं नाव दिलं. नापास झालो तर चौघांची चार दिशांना पांगापांग, आणि मी जाकार्तात टाय लावून बँकेत.

पुस्तकांची यादी त्यावर कर आणि काय अडतं ते खरं खरं कळव. ईदला येऊ का म्हणून तिन्ही वर्षं विचारलं, तू नको म्हणालीस म्हणून आलो नाही. राग नाही ना?

तुझाच,
पाम्बुदी

सोलो, १७ फेब्रुवारी

चि. पाम्बुदीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

राग कसला? गाड्यांना गर्दी असते, तुला कामं असतात.

तुझं यंत्र फार सुस्वभावी आहे. बातिकचं जुनं कापड शिवून मी त्याला झाकण केलंय, मांजर दुपारी त्यावर झोपतं. यादी चालू आहे. त्रास म्हणावा तर काहीच नाही. यंत्र दर वेळी नम्रपणे विचारतं, मीही नम्रपणे उत्तर देते. तुझ्यावर कोणी मुलगी भाळली का, हे मात्र त्याला विचारता येत नाही, म्हणून तुला विचारते.

प्रकृतीला जप.
मावशी

बांडुंग, २५ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तिघांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘त्रास म्हणावा तर काहीच नाही’ हे वाक्य अहवालाच्या पहिल्या पानावर टाकलंय, खाली लिहिलंय, वय सहासष्ट. खात्याकडून रोतुआबाई १० मार्चला येतील. मेदानच्या आहेत, तोंडावर बोलतात, घाबरू नकोस. एकच कोडं आहे. पत्र लिहायची सोय यंत्रात असताना तू हातानं का लिहितेस?

मुलीचं पुढच्या पत्रात.
पाम्बुदी

सोलो, १२ मार्च

चि. पाम्बुदीस आशीर्वाद.

बस, आणि मग वाच. रोतुआबाई आल्या, चहा एका दमात प्यायल्या आणि यादी दाखवा म्हणाल्या. यादी नव्हती. दोनशे चौदा पुस्तकं मी तीनदा लिहिली आणि तीनदा नाहीशी झाली. तुला लिहिलेली पत्रंही तशीच गेली, म्हणून शेवटी कागद घेतला.

माझ्यासमोर पुन्हा करा म्हणाल्या. पाच पुस्तकं लिहिली, बंद केलं. यंत्रानं विचारलं, जपून ठेवू का? मी ‘नको’ दाबलं. त्यानं विचारलं, खरंच नको? मी ‘खरंच नको’ दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. त्यावर ते मिटलं. बाईंनी विचारलं, आजी, तुम्हाला यादी हवी होती ना, मग नको का म्हणालात? मी म्हटलं, विचारल्या विचारल्या हो म्हणायला मी काय हावरट आहे? दोनदा नको म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं. आमच्या गल्लीत भजी अशीच खातात. नाव मोंगो ठेवलंस आणि आग्रह करायला त्याला शिकवलं नाहीस.

बाई इतक्या हसल्या की मांजर पळालं. मग म्हणाल्या, तीन आठवड्यांनी पुन्हा येईन, तेव्हाही असंच असेल तर नापास. तुझं यंत्र मला सोपं वाटलं नाही, बाळा. रडकुंडीला आले होते. पण तू तीन वर्षं खपलास म्हटल्यावर तसं लिहवेना. चूक झाली.

मावशी

बांडुंग, १९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून एक संध्याकाळ तुझ्यावर रागावलो. मग आठवलं, इथे नवा होतो तेव्हा मेदानच्या मित्रानं एकदाच जेवायला विचारलं आणि मी नको म्हणून उपाशी झोपलो होतो. मी सोलोचा असून हे यंत्रात आलं नाही, म्हणजे कमालच.

एकानं सुचवलं, तीनदा विचारू. मी म्हटलं, मग मेदानवाले यंत्र खिडकीतून फेकतील. शेवटी विचारणंच बंद केलं. लिहिशील ते आपोआप जपलं जाईल. चुकून पुसलंस तर कोपऱ्यात ‘परत आणा’ आहे, महिन्यापूर्वीचंही येईल. सुधारलेल्या मोंगोची सीडी सोबत आहे. यंत्रात घाल, बाकी सगळं तीच करेल. आता मात्र शिष्टाचार सोडून सांग.

लोभ आहेच, खरं बोलण्याइतका वाढव.
पाम्बुदी

सोलो, ३ एप्रिल

चि. पाम्बुदीस आशीर्वाद.

हे पत्र यंत्रावर छापलंय, ओळखलं असशीलच. शिष्टाचार सोडते. अक्षरं मुंगीएवढी आहेत. बंद करायचं बटण कुठल्या शहाण्यानं ‘सुरुवात’ लिहिलेल्या जागेत लपवलं? आणि तो टुंग आवाज ऐकून मी दोनदा दार उघडायला गेले.

काल रोतुआबाई आल्या. मी पुस्तकं लिहिली, बंद केलं, उघडलं, सगळी जागेवर. बाईंनी मुद्दाम निम्मी यादी पुसली. मी कोपऱ्यातून परत आणली. त्यांनी विचारलं, सोपं आहे का? मी सवयीनं म्हटलं, ठीक आहे हो. त्या बघतच राहिल्या, तेव्हा म्हटलं, सोपं आहे, कारण आता त्याची भीती वाटत नाही. त्यांनी तेच वाक्य लिहून घेतलं आणि खाली सही केली. तीनशे वाचनालयं तुमची. बँकेला कळव.

आता माझं एक. तीन वर्षं तू विचारतोस, ईदला येऊ का? मी नको म्हणते. दर वर्षी ताटं दोन मांडते आणि तू एकदाच विचारून मिटतोस; जुनं यंत्रसुद्धा दोनदा विचारायचं. यंत्राला दुरुस्त केलंस तसा स्वतःलाही कर. या वर्षी विचारू नकोस.

वाट पाहणारी,
मावशी