लोडशेडिंगच्या तासाचे साक्षीदार

सर, तुम्ही कधी नव्हतातच, असं मागच्या आठवड्यात तीन दिवस बरेच लोक म्हणत होते. चांगले शिकलेले, रोज प्रोग्रॅम लिहून पोट भरणारे लोक. ही हूल कुणी उठवली ते मला माहीत आहे आणि तेच सांगायला बसलो आहे. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. तुम्ही आम्हाला शिकवायचात तेव्हा इंटरनेट म्हणजे स्टँडमागचं कॅफे होतं, तेव्हा आधी हे सांगतो की आता आम्हा प्रोग्रॅमर लोकांचे इंटरनेटवर चव्हाटे आहेत. कुणी एक जण लेख लिहितो, बाकीचे त्याच्याखाली आपापलं मत टाकतात. मत म्हणजे बहुतेकदा दुसऱ्याची चूक. मी अशाच एका चव्हाट्यावर टोपणनावाने बरीच वर्षं पडीक आहे. तिथे मला लोक ओळखतात ते खडूस म्हणून. नवी भाषा आली की मी म्हणतो, जुनीत काय कमी होतं? चार ओळींच्या कामाला कुणी चाळीस फायली केल्या की मी त्याची सालटी काढतो. यातलं बरंचसं तुमच्याकडूनच उचललेलं आहे, फक्त तुम्ही ते हसून सांगायचात आणि मला तसं हसता येत नाही.

पुण्याची नोकरी आहे, पण काही वर्षांपासून मी यवतमाळातूनच काम करतो. वरच्या खोलीत टेबल टाकलं आहे. माझं काम दुसऱ्यांचा कोड तपासून 'ठीक आहे, जाऊ द्या' म्हणण्याचं. पूर्वी तो पोरं लिहायची, आता निम्मा तर मशीनच लिहून देतं. तुम्हाला खोटं वाटेल, पण आपण मराठीत सांगितलं तरी ते पानभर प्रोग्रॅम लिहितं, आणि तो चालतो. माझ्या टीममधली पोरं तो माझ्याकडे पाठवतात. मी विचारतो, हा का चालतो? ती म्हणतात, सर, टेस्ट पास झाल्यात ना. मग मला तुम्ही आठवता. पहिल्या वर्षी मी पुस्तकातला एक प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवून चालवला होता आणि छाती काढून उभा होतो. तुम्ही पडदा पाहिलाही नाहीत. "चालून राह्यला, हे तं दिसून राह्यलं मले," तुम्ही म्हणालात, "पण काहून चालून राह्यला, ते सांग." मला एक ओळ सांगता आली नाही. माझ्या घरी तेव्हा कॉम्प्युटर होता, गल्लीतला पहिला. वडिलांनी कचेरीतून कर्ज काढून घेतला होता आणि त्यावर आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर असायचं. वर्गात ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे असा मी एकटाच होतो, आणि तुम्ही मला पाहून कधीतरी 'वा, हा खरा हुशार' म्हणाल, याची मी तीन वर्षं वाट पाहिली.

तुम्ही तिला तसं म्हणालात. आर्णीकडच्या एका बंजारा तांड्यावरून पहाटेची एसटी पकडून येणारी ती. घरी आईला याडी म्हणायची, आणि वर्गात बोलताना अधूनमधून तिच्या गोरबोलीतला एखादा शब्द निसटला की स्वतःच ओठ चावायची. तिची गाडी साडेसातला यायची आणि तास नऊला, म्हणून ती दीड तास पायऱ्यांवर बसून राहायची. एक दिवस तुम्ही लॅबची चावी तिला दिलीत. "उघडत जाय अन् बसत जाय," एवढंच. सर, माझ्या घरी आख्खा कॉम्प्युटर होता आणि मी त्या चावीवरून दोन वर्षं जळलो. तुमच्या त्या लॅबमध्ये चारच कॉम्प्युटर, त्यातल्या एकाचा माऊस मेलेला. मला तिथे साडेसातला जाऊन करायचं काय होतं? काही नाही. पण चावी मला हवी होती. मी मित्रांना सांगायचो की सर तिला दयेपोटी पुढे करतात. मला ते तेव्हाही खरं वाटत नव्हतं, कारण तिचे प्रोग्रॅम मी चोरून वाचायचो. माझ्यापेक्षा अर्ध्या लांबीचे असायचे आणि त्यात एक ओळ जास्तीची सापडायची नाही.

तो लोडशेडिंगचा काळ. सकाळी दहा वाजले की लाईन जायची ती दुपारी यायची, आणि नेमका आपला प्रॅक्टिकलचा तास त्यात सापडायचा. बाकीचे मास्तर तास सोडून देत. तुम्ही शेजारच्या प्राथमिक शाळेतून पाट्या मागून आणायचात आणि आम्हाला अंगणात काढायचात. कॉम्प्युटर बंद आहे तर कॉम्प्युटर तुम्ही व्हा. प्रत्येकाच्या हातात पाटी, पाटीवर त्याचा आकडा, आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं असेल तेवढंच करायचं, डोकं लावायचं नाही. सुरुवातीला मला हा बालवाडीचा खेळ वाटला. आता कबूल करतो, मला प्रोग्रॅमिंग जे काही येतं ते त्या अंगणात आलेलं आहे.

त्या दिवशीचं तुम्हाला आठवतच असेल. एक ते दहाची बेरीज करायची आहे. ती मोजणी झाली आहे, तिच्या पाटीवर एक. पुसदचा तो जाडा पोरगा बेरीज झाला आहे, त्याच्या पाटीवर शून्य. दोघांनी लिंबाच्या झाडाला फेरी मारून व्हरांड्याच्या दाराशी यायचं. दारावर मी. माझ्या चिठ्ठीत लिहिलं आहे: मोजणी दहापर्यंत असेल तर 'चला' म्हण, नसेल तर थांबव. ती येते, पाटी दाखवते, एक. मी म्हणतो, चला. जाडा तिचा आकडा आपल्यात मिळवतो, पाटी पुसतो, पुन्हा लिहितो. पुन्हा फेरी. ती येते, एक. चला. उन्हाचे दिवस, जाड्याच्या शर्टाला पाठीवर घाम फुटला आहे, व्हरांड्यात बसलेली मंडळी फेऱ्या मोजू लागली आहेत. मी दारावर ताठ उभा, आणि मला वाटतं आहे की आज सरांनी मुख्य काम मला दिलं. विसाव्या का पंचविसाव्या फेरीला ती माझ्यापुढे थांबलीच नाही. तुमच्याकडे गेली आणि म्हणाली, "सर, बेरीज वाढून राह्यली, पण मी तं वाढूनच नाही राह्यली. मंग हे संपन कसं?"

तुम्ही तिच्या चिठ्ठीत 'दर फेरीला एकने वाढ' हे लिहायचं विसरला होतात, की मुद्दाम गाळलं होतं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. तुम्ही पायरीवर बसलात आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसलात. सगळं अंगण हसलं. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "अन् तू काय पाहून राह्यला होता रे बापू? दर खेपेले एकच आकडा येऊन राह्यला. तुले शंका नाही आली?" मी म्हणालो, "माह्या चिठ्ठीत तेवढंच लिहेल होतं, सर." तुम्ही हसायचे थांबलात. "चिठ्ठी मी मशीनले देतो. तू माणूस आहे ना?" त्या वाक्यात राग नव्हता, हे आज कळतं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की तिला हसून पाहिलंत आणि मला हसायचं थांबवून पाहिलंत.

ती आता बंगलोरला आहे, मोठ्या हुद्द्यावर आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती विमानाने नागपूरला उतरून यवतमाळला आली, तुमच्या घरी काकूंजवळ दोन दिवस राहिली. मी पुण्यात होतो, नव्या आवृत्तीचं एक रिलीज चालू होतं, नाही आलो. रिलीज पुढे ढकलता आलं असतं. मागच्या आठवड्यात तिने त्या अंगणावर लेख लिहिला, इंग्रजीत. चव्हाट्यावर तो सकाळी आला आणि दुपारपर्यंत सगळ्यात वर गेला. सर, काय लिहिलं आहे तिने. लोडशेडिंग, पाट्या, लिंब, तुमचा पायरीवरचा हसू न आवरणारा चेहरा. मशीनने लिहिलेला कोड न वाचता पुढे ढकलणाऱ्यांना तिने एवढंच सांगितलं की आमच्या सरांच्या अंगणात चार फेऱ्या मारा. आणि दारावरच्या माझ्याबद्दल एकच ओळ होती, नावही नव्हतं. 'दारावरचा मुलगा दर वेळी चला म्हणत राहिला.' लोकांनी नेमकी तीच ओळ उचलली. खाली ढिगाने लिहिलेलं, आमच्या ऑफिसातही एक दारावरचा मुलगा आहे. संध्याकाळी माझ्याच टीममधल्या एका पोराने मला लेखाचा दुवा धाडला. "सर, आपल्या टीमचा दारावरचा कोण?" त्याने सहज विचारलं होतं. त्या दिवशी मी मशीनने लिहिलेल्या सतरा गोष्टींना 'ठीक आहे' म्हटलं होतं, आणि त्यातल्या किती वाचल्या ते विचारू नका.

मला ती ओळ झोंबली, पण खरं सांगायचं तर ओळीपेक्षा जास्त झोंबलं ते हे की तुम्हाला जगासमोर तिने आणलं. मी इतकी वर्षं त्या चव्हाट्यावर तुमचीच मतं माझी म्हणून वाजवत होतो. तुमचं नाव एकदाही घेतलं नाही. तिने आधी घेतलं, आणि तुम्ही तिचे झालात. मी टोपणनावाने खाली लिहिलं: 'मी त्याच कॉलेजात, त्याच वर्षांत होतो. असं काही झालं नव्हतं. असे सरही मला आठवत नाहीत. गोष्ट मात्र छान जमली आहे.' शेवटचं वाक्य लिहिताना मला गुदगुल्या झाल्या, हेही सांगून टाकतो.

पुढे माझ्या हातात काही राहिलं नाही. तिथे माणूस दुसऱ्याचं चांगलं ऐकून कंटाळलेलाच असतो, त्याला फक्त निमित्त लागतं. साक्षीदारच नाही म्हणतो म्हटल्यावर सगळे तुटून पडले. गरिबीच्या गोष्टी खपतात, म्हणून लिहिलं. पाट्या घेऊन कोण शिकवतं? फोटो दाखवा. असा मास्तर कथेतच असतो. एकाने तर लेख मशीनकडून लिहून घेतला आहे हे सिद्ध करायला खुणांची यादी दिली. तिने सगळ्यांना शांतपणे उत्तरं दिली, मग दिली नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला बसलो आणि तिचा फोन आला. किती वर्षांनी बोललो आम्ही. बायको वरण वाढत होती, तिला हाताने थांबवलं.

"तू होता ना रे त्या अंगणात?" ती म्हणाली.

"होतो की."

"मंग लिह ना काही. मले खोटी म्हणून राह्यले त्याचं काही नाही. सरले मनानं बनवेल माणूस म्हणून राह्यले. काकूनं वाचलं तं? त्याहीच्या नातवानं दाखवलं तं?"

मी म्हणालो, मी अजून वाचलंच नाही, पाहतो. तिने विश्वास ठेवला. "तुले त्या ओळीचा राग नको येऊ देऊ," ती म्हणाली, "सर मले नेहमी सांगत, त्या पोराले शंका येत नाही पण त्याचं अक्षर पाहाय, किती नेटकं." सर, हे तुम्ही तिला सांगितलंत. मला का नाही सांगितलंत? वरण थंड झालं, बायको काय झालं विचारत राहिली, आणि मी एवढ्याच एका गोष्टीवर अडून बसलो होतो.

त्याच दुपारी मी लिहिलं, या वेळी स्वतःच्या नावाने. अंगण होतं, पाट्या होत्या, सर होते, आणि दारावरचा मुलगा मी. तुमच्या हातची एक तपासलेली वही अजून आहे माझ्याकडे, तिच्या पानाचा फोटो जोडला. तासाभरात वारं फिरलं. खोटं म्हणणाऱ्यांनी माफी मागितली. माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक झालं, स्वतःवरचा विनोद स्वतः पुढे येऊन कबूल करायला धाडस लागतं म्हणाले. माझं उत्तर तिच्या लेखापेक्षा जास्त वाचलं गेलं. मी ते पाहिलं, सर, पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं, आणि मला बरं वाटलं. खाली ते दुसरं, टोपणनावाचं, अजून तिथेच आहे. पुसलं नाही. पुसलं तर कुणाच्या तरी लक्षात येईल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तिला पाठवावं असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा मी उठून पाणी प्यायलो. काल तिचा निरोप आला होता, काकूंना तुझं लिहिलेलं वाचून दाखवलं, त्या रडल्या, तू होता म्हणून सर राह्यले. त्याखाली तिने सहज विचारलं होतं, "पण तो नाही म्हणणारा कोण असन रे? आपल्याच वर्गातला दिसते."

मी लिहिलं, "काय मालूम. असन कोणी जळकुकडा."

तिचा हसणारा चेहरा आला, आणि मीही इकडून तसाच एक पाठवला.