काकांचा राऊटर

४ एप्रिल २०१०, द्वारका, दिल्ली

राऊटर कुणाचा — विकत आणणाऱ्याचा, की तो आतून ओळखणाऱ्याचा?

आज राऊटरवर डेबियन चालू झालं! कंपनीने भरून दिलेलं सगळं पुसलं. पेनड्राइव्हवरून ही पूर्ण मुक्त प्रणाली उभी केली, कुणीही आत बघावं, बदलावं अशी. एवढ्याशा डब्यात अख्खा संगणक. केबलवाला म्हणाला होता, मॅडम, छेड़ोगे तो हम नहीं आएँगे. नका येऊ! आत बघायचं नाही, बदलायचं नाही, बिघडलं की हात जोडायचे — याला विकणं म्हणतात?

दादारावकाका, बाबांचे नागपूरचे मित्र. नोकरी लागल्यापासून मी यांच्याकडेच राहते. राऊटर त्यांनी आणलेला. खूश होऊन आल्यागेल्याला दाखवत होते. मीही फुगले. म्हटलं, काका, सांगाल ते करेल हा आता. मूर्ख मी!

९ एप्रिल

काकांनी सांगितलं. समता — त्यांची मुलगी, नुकतीच बारावीची परीक्षा दिलीय — इंटरनेटवर काय बघते, कुणाशी बोलते, याची रोज नोंद हवी. तिला न कळता.

मी नाही म्हटलं.

"डबा माझा, पोरगी माझी. तुला फक्त चालू करून द्यायचंय."

फक्त! सुट्टीचा एकेक दिवस घालून मोकळा केला तो डबा, यासाठी?

११ एप्रिल

बाबांचा फोन. काकांनी परस्पर त्यांनाच गाठलं. बाबा म्हणाले, त्यांच्या छपराखाली राहतेस, त्यांच्यामुळे दिल्लीत टिकलीस, एवढं करून टाक बेटा.

बाबा, घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. कॉलेजात असताना माझी दप्तरं उचकली होतीत का कधी? नाही ना? — हे बोलायला हवं होतं. हो-हो करून फोन ठेवला. त्याचीच जास्त चीड येते.

१४ एप्रिल

जयंतीचा कार्यक्रम. काकांचं भाषण. मुलींवर विश्वास ठेवा, त्यांना मोकळं आकाश द्या. टाळ्याच टाळ्या. समता माझ्या शेजारी, अगदी मन लावून ऐकत होती.

काका स्टेजवरून उतरले ते थेट माझ्याकडे. गळ्यातला हारही काढला नव्हता.

"झालं का ते काम?"

१५ एप्रिल

रागाने जेवण गेलं नाही. काकू म्हणतात, उन्हाने होतं असं.

१७ एप्रिल, लक्ष्मीबाई नगर

ऑफिसातल्या विजयाच्या आईला मिळालेल्या सरकारी क्वार्टरमध्ये आहे. बॅग अजून उघडलेली नाही.

काल समताला सगळं सांगितलं. राऊटरचा मुख्य पासवर्ड दिला आणि तिच्याच हाताने बदलायला लावला. नवा कोणता, ते मला सांगू नकोस म्हटलं. ती रडली नाही. एवढंच विचारलं, "ताई, अजून काय काय करता येतं यात?"

मग पासवर्ड समताकडे आहे, हे काकांना सांगून निघाले. आता नोंद हवी असेल, तर त्यांना समतालाच सांगावं लागेल.