आंघोळीचा निर्णय

सोमवार, ३ जून

संयुक्त निधीची अकरावी बैठक. मुद्दा तोच — आजारी वृद्धांना घरी जाऊन आंघोळ घालणं हा उपचार की सेवा? आरोग्य खात्याच्या बाई म्हणाल्या, सेवा. म्हणजे पैसे आमच्या समाजकल्याण खात्याने द्यायचे. आमचे साहेब म्हणाले, उपचार, म्हणजे त्यांनी. इतिवृत्तात मी लिहिलं, ‘सविस्तर चर्चा झाली.’

मंगळवार, ४ जून

घरी मात्र दोन्ही खाती येतात! सकाळी आरोग्य खात्याची नर्स बाबांच्या पायाची जखम बांधून जाते. दुपारी आमचा मदतनीस त्यांना आंघोळ घालून पट्टी भिजवतो. वेळा बदला म्हटलं, तर दोघांनीही वरून हुकूम आणायला सांगितला. वर म्हणजे आमचीच बैठक. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमचा ओला राहतो.

शुक्रवार, ७ जून

नर्सचा ऑफिसात फोन. जखम वाढलीय, असंच भिजत राहिलं तर पाय जाईल. धसकाच बसला. संध्याकाळी विचारलं, तर बाबा पांघरुणातूनच म्हणाले, ठीक आहे. बरं वाटलं.

बुधवार, १२ जून

ठरलं! पैसे एकत्र, माणूसही एकच — आधी आंघोळ, मग पट्टी. एवढं सुचायला चौदा महिने लागले. पहिल्या तारखेपासून जुने दोघे बंद. टाळ्या झाल्या, आणि मग कळलं, निधी पुरत नाही. साहेब मला म्हणाले, लाभार्थ्यांची यादी छाटा. मी अट सुचवली: घरात काळजी घेणारं कोणी असेल तर अर्ज बाद. साहेब खूश. मीही जरा फुगले.

जिना उतरताना लक्षात आलं — बाबांच्या घरात मी आहे की! पायावर धोंडा मारून घेतला, तोही बाबांच्या.

रविवार, १६ जून

बाबांना सांगून टाकलं, तुमचा अर्ज बसत नाही.

“तू अर्ज आण तर खरं,” म्हणाले. “भरायला काय जातंय?”

चष्मा लावून स्वतःच भरला. मला बघू दिला नाही. स्वतःच पाकिटात घातला, नर्सच्या हाती दिला.

सोमवार, २४ जून

अर्ज तपासणीला माझ्याच टेबलावर आला. ‘घरात काळजी घेणारं’ — पुढे बाबांचं वळणदार अक्षर: ‘कोणी नाही.’

रागाने लाल पेन उचललं. मग आठवायला लागले, जखम नक्की कुठल्या पायाला आहे. डाव्या की उजव्या? सांगता येईना.

शिक्का मारला: ‘माहिती तपासली. बरोबर आहे.’